जुन्या गाडीवर बाहेरची वॉरंटी घ्यावी का? पैसे भरण्याआधी काय काय बघायचं

गाडी पसंत पडली, घासाघीस होऊन किंमत ठरली, टोकनही दिलं. आता कर्जाच्या आणि ट्रान्सफरच्या सह्या तेवढ्या राहिल्या, असं वाटत असतानाच डीलरचा माणूस विचारतो, "सर, वर्षभराची वॉरंटी टाकून देऊ ना? इंजिन, गिअरबॉक्स, एसी सगळं कव्हर. दिवसाला पंचेचाळीस रुपये पडतात फक्त." गाडी जुनी असल्याची धाकधूक मनात असतेच. घरचे बाजूला बसलेले असतात, आणि पाच मिनिटांत पंधरा-वीस हजारांचा निर्णय होऊन जातो.

त्या पाच मिनिटांसाठी हा लेख लिहितोय. आमच्या घरात आणि नात्यात बहुतेक गाड्या सेकंड हँडच आल्या. वॉरंटीतून पैसे वसूल झालेले मी पाहिलेत आणि कलमावर बोट ठेवून क्लेम नाकारलेलाही पाहिलाय. माझं मत आधीच सांगून टाकतो. साध्या पेट्रोल मॅन्युअल गाडीवर ही वॉरंटी बहुतेक वेळा घेऊ नये. ऑटोमॅटिक किंवा टर्बो डिझेल असेल आणि करार नीट असेल तर जरूर विचार करावा. करार आधी वाचायला देत नसतील, तर कुठल्याच गाडीवर घेऊ नये.

1. वॉरंटी देतंय कोण, ते आधी ओळखा

जुन्या गाड्यांच्या बाजारात चार वेगळ्या गोष्टींना वॉरंटीच म्हणतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली, गाडी बनवणाऱ्या कंपनीची मूळ किंवा वाढीव वॉरंटी. दुसरी, कंपनीच्याच जुन्या गाड्यांच्या दालनातून मिळणारी. उदाहरणार्थ, मारुतीच्या ट्रू व्हॅल्यूमध्ये प्रमाणित केलेल्या गाड्यांवर एक वर्षापर्यंतची वॉरंटी आणि तीन मोफत सर्व्हिस मिळतात. तिसरी, डीलरने स्वतः दिलेली. लेटरहेडवर "इंजिन-गिअरबॉक्स सहा महिने" असं लिहून शिक्का मारलेला असतो, आणि डीलर जितका टिकाऊ तितकाच तो कागद. चौथी म्हणजे बाहेरची, ज्याला थर्ड पार्टी वॉरंटी म्हणतात. ही देणाऱ्या कंपनीने गाडी बनवलेली नसते आणि विकलेलीही नसते. डीलर ती तुमच्यापर्यंत पोहोचवतो आणि त्याबद्दल कमिशन घेतो. पुढचा सगळा लेख या चौथ्या प्रकाराबद्दल आहे.

थर्ड पार्टी विम्याशी तिचा काही संबंध नाही. तो विमा 1988 च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे आणि तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर कामाला येतो. फुल इन्शुरन्ससुद्धा अपघात, चोरी, आग, पूर यांचे पैसे देतो. चालता चालता गिअरबॉक्स बसला तर देत नाही. वॉरंटीचं याच्या उलट आहे. तिच्यात बिघाड बसतो, अपघात बसत नाही.

डीलरला सरळ विचारा, "उद्या क्लेम झाला तर पैसे कोणाच्या खात्यातून येणार?" काही ठिकाणी वॉरंटी कंपनी फक्त फोन घेते आणि कागद हलवते, मागे दुसरीच कंपनी किंवा विमा कंपनी उभी असते. करारावर त्या कंपनीचं नाव, पत्ता आणि जीएसटी नंबर दिसला पाहिजे. हा करार विम्याची पॉलिसी नसेल, तर आयआरडीएआयकडे म्हणजे विमा नियामकाकडे जाण्याचा रस्ता तुम्हाला नसतो; भांडण ग्राहक कायद्याखालीच लढावं लागतं.

2. मूळ वॉरंटी शिल्लक आहे का, ते चेसिस नंबरवरून तपासा

हे पाच मिनिटांचं काम आहे आणि कितीतरी जण करत नाहीत. आरसीवरचा चेसिस नंबर घेऊन त्या कंपनीच्या कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा आणि विचारा: मूळ वॉरंटी कधी संपते, पहिल्या मालकाने वाढीव वॉरंटी घेतली होती का, आणि ती नव्या मालकाच्या नावावर करायला काय लागतं.

अलीकडे कंपन्यांनी मुदती वाढवल्या आहेत. मारुतीने जुलै 2024 पासून मूळ वॉरंटी 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटर केली आणि वाढीव घेतली तर ती सहाव्या वर्षापर्यंत, 1 लाख 60 हजार किलोमीटरपर्यंत जाते. म्हणजे त्यानंतर विकलेल्या गाडीवर कंपनीचीच वॉरंटी जिवंत असण्याची शक्यता चांगली आहे. ती असेल तर बाहेरच्या वॉरंटीला पैसे घालू नका. एकाच भागासाठी दोनदा पैसे कशाला भरायचे?

इलेक्ट्रिक गाडी घेत असाल तर बॅटरीची वॉरंटी वेगळी विचारा. साधारण 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर अशी ती असते. पण काही मॉडेलवर जी आजीवन बॅटरी वॉरंटी जाहिरातीत दिसते, ती पहिल्या नोंदणीकृत मालकापुरतीच असते. दुसऱ्या मालकाला काय मिळतं, हे लेखी घ्या.

3. आधी गाडी तपासा, मग वॉरंटीचं बोला

"वॉरंटी आहे ना, मग मिस्त्रीला कशाला दाखवायचं?" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. प्रत्यक्षात बहुतेक सगळ्या करारांत एक कलम असतं: वॉरंटी सुरू होण्याआधीपासून असलेला बिघाड भरून मिळणार नाही. गाडीत आधीच दुखणं असेल तर ते तुमच्याच गळ्यात राहतं. त्यामुळे तपासणी करायचीच आहे, आणि ती डीलरच्या नव्हे, तुमच्या माणसाकडून.

ओळखीच्या मेकॅनिकला गाडी थंड असतानाच दाखवा. डीलरने तुम्ही यायच्या आधीच गाडी चालू करून ठेवली असेल तर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेले बिघाडाचे जुने कोड बघायला सांगा. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं आणि धूर जोरात बाहेर यायला लागला, तर पिस्टन-रिंग थकल्याची शंका घ्यायची. ऑटोमॅटिक असेल तर चढावर थांबवून पुन्हा उचलून बघायची. गिअर बदलताना धक्का बसतो का, रिव्हर्स टाकल्यावर गाडी क्षणभर विचार करत थांबते का, हे टेस्ट ड्राइव्हला रेडिओ बंद ठेवून बघा.

तीन गोष्टींचा वॉरंटीशी थेट संबंध आहे, म्हणून त्या नीट सांगतो.

*मीटर मागे फिरवलेला आहे का.* कंपनीच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये प्रत्येक भेटीचे किलोमीटर नोंदलेले असतात. 2021 साली 71,000 आणि आज मीटरवर 58,000, असं निघालं तर विषय संपला. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. मीटरवर 30,000 दाखवणाऱ्या गाडीचे चारही टायर एकदा बदलून झालेले दिसले तर कारण विचारा. मीटरशी छेडछाड झाल्याचं क्लेमच्या वेळी उघड झालं तर वॉरंटी रद्द होते. ती तुम्ही केली की आधीच्या मालकाने, याच्याशी कंपनीला देणंघेणं नसतं.

*पाणी शिरलेली गाडी.* 26 जुलै 2005 ला मुंबईत, ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीत, जुलै 2021 मध्ये चिपळूणला गाड्या पाण्याखाली गेल्या. पूर ओसरला की अशा गाड्या धुऊन-पुसून लांबच्या शहरात विकायला येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, आतल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ राहिलेली असते. डिकीतली स्टेपनी उचलून खळग्यात गाळ आहे का बघा. डॅशबोर्डखाली वाकून वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट गंज दिसतो का बघा. जुनी विमा पॉलिसीही मागा. पाच-सहा वर्षांच्या गाडीवर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्य असेल तर जवळच्या काळात मोठा क्लेम झालेला असू शकतो. पाण्यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही.

*टॅक्सीत चाललेली किंवा बाहेरून सीएनजी बसवलेली गाडी.* पुण्या-मुंबईत टूरिस्ट परमिटच्या गाड्या नंतर प्रायव्हेट पासिंग करून विकल्या जातात. व्यावसायिक वापराची गाडी बहुतेक करारांत बाद असते. बाहेरच्या सीएनजी किटचंही तसंच. किट आरसीवर चढवलेलं असलं तरी वॉरंटी कंपनी ते मान्य करेलच असं नाही, म्हणून "या किटसह वॉरंटी लागू आहे" अशी ओळ करारावर किंवा ईमेलवर मिळवा.

4. छापील पत्रक नको, पूर्ण करार मागा

डीलर तुम्हाला रंगीत पत्रक देईल. त्यावर गाडीचं चित्र आणि बरोबरच्या खुणा असतात. त्याला किंमत नाही. "टर्म्स अँड कंडिशन्सची पूर्ण पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवा, रात्री वाचून उद्या सांगतो," असं म्हणा. पैसे भरल्यावर ईमेलवर येईल असं उत्तर आलं तर नमस्कार करून विषय बंद करा. वाचल्याशिवाय घेण्यासारखी ही गोष्ट नाही.

पीडीएफ आली की सुरुवातीपासून वाचू नका. आधी "काय कव्हर नाही" हे पान उघडा, मग या गोष्टी शोधा.

भागांची यादी कशी लिहिली आहे? दोन पद्धती असतात. एकीत फक्त कव्हर असलेल्या भागांची नावं असतात, यादीत नसलेलं सगळं बाहेर. दुसरीत कव्हर नसलेल्या भागांची नावं असतात, बाकी सगळं आत. दुसरी पद्धत तुमच्या फायद्याची आणि म्हणून महाग. स्वस्त वॉरंटी जवळजवळ नेहमी पहिल्या पद्धतीची असते, आणि "इंजिन कव्हर" या दोन शब्दांचा अर्थ तिथे "इंजिनच्या आतले, ऑइलमध्ये बुडालेले, खाली नावं दिलेले भाग" एवढाच असतो.

यावरून माझ्या मेहुण्याच्या गाडीचं सांगतो. मे महिन्यात एसीचं कूलिंग गेलं, थोड्या दिवसांनी कॉम्प्रेसरमधून करकर आवाज यायला लागला. कॉम्प्रेसर यादीत स्पष्ट लिहिलेला होता, त्यामुळे तो निवांत होता. गॅरेजने डॅशबोर्ड खोलला तेव्हा आतली कूलिंग कॉइल लीक निघाली. एसीच्या गॅसबरोबर ऑइल फिरत असतं. गॅस गळून गेला की कॉम्प्रेसरला ऑइल पुरत नाही आणि तो जाम होतो. वॉरंटी कंपनीने उत्तर दिलं की मूळ दोष कॉइलचा, कॉइल यादीत नाही, आणि यादीबाहेरच्या भागामुळे यादीतला भाग गेला तर क्लेम बसत नाही. कराराच्या अकराव्या पानावर ते कलम खरंच होतं. डॅशबोर्ड खोलण्या-बसवण्याच्या मजुरीसकट सगळं बिल त्याला भरावं लागलं. तुम्ही करार वाचाल तेव्हा एका भागामुळे दुसरा भाग जाण्याबद्दलचं हे कलम सगळ्यात आधी शोधा. माझ्या मते पूर्ण करारातलं सर्वांत महागडं कलम तेच.

झीज म्हणजे काय? क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, वायपर, फिल्टर, बल्ब, सस्पेन्शनचे बुश, रबरी होज हे बाहेर असणार, ते मान्यच आहे. धोका असतो तो "नैसर्गिक झीज झालेला कोणताही भाग" अशा मोघम ओळीत. सात वर्षांच्या गाडीत न झिजलेला भाग कुठला दाखवणार? ही ओळ असेल तर कंपनीला ईमेल करून विचारा की अमुक इतके किलोमीटर झालेल्या गाडीत टर्बो किंवा अल्टरनेटर गेला तर तो झीज धरणार की बिघाड. उत्तर लेखी आलं तर जपून ठेवा. उत्तर आलंच नाही, तर तेही पुरेसं उत्तर आहे.

मर्यादा किती? एका क्लेमची मर्यादा, पूर्ण मुदतीची मर्यादा आणि मजुरीची मर्यादा असे तीन आकडे वेगवेगळे असतात. मजुरी ताशी ठरावीक दराने देणार असतील तर तुमच्या शहरातल्या अधिकृत सेंटरचा दर किती, ते विचारून दोन्ही शेजारी लिहा.

तुमचा वाटा किती? गाडी जितकी जुनी, तितके जास्त टक्के भागाच्या किमतीतून कापले जातात. 60 हजार किलोमीटरनंतर 40 टक्के ग्राहकाने भरायचे, अशा तक्त्याचा करार असेल तर जाहिरातीतलं पूर्ण कव्हर तिथेच अर्ध्याजवळ येतं.

थांबायचा काळ. पहिले 30 दिवस किंवा पहिले 1,000 किलोमीटर क्लेम नाही, अशी अट असते. मग वर्षाच्या वॉरंटीचे अकराच महिने हातात उरतात.

खोलून बघण्याचा खर्च. गिअरबॉक्स खोलल्याशिवाय दोष कळत नाही, आणि खोलायची परवानगी मालकाने द्यायची असते. दोष कव्हरमधला निघाला तर मजुरी कंपनीची, नाही निघाला तर तुमची. ही अट जवळपास सगळीकडे असते. तिच्यामुळे वॉरंटी टाकून द्यायची नाही, पण ऐन वेळी हातात पैसे असले पाहिजेत एवढं लक्षात घ्या.

दुरुस्ती कुठे करायची, कॅशलेस की आधी भरून मग परत, गाडी विकली तर वॉरंटी पुढच्या मालकाला जाते का, मधेच रद्द केली तर किती परत, हेही बघून ठेवा. सांगली किंवा रत्नागिरीत राहत असाल आणि मान्यताप्राप्त गॅरेज फक्त पुण्यात असेल, तर बंद पडलेली गाडी तिथवर टोइंग करून कोण नेणार, हा प्रश्न पैशांइतकाच मोठा आहे.

5. तुमच्या गाडीत महागडं काय आहे?

वॉरंटी घ्यायची ती मोठ्या खर्चासाठी, किरकोळ कामांसाठी नाही. म्हणून गाडीप्रमाणे विचार करा.

साधं पेट्रोल इंजिन आणि हाताने टाकायचे गिअर, म्हणजे वॅगनआर, जुनी आय-टेन, स्विफ्ट असल्या गाड्या. यांचे भाग गल्लीत मिळतात, कुठल्याही मिस्त्रीला काम येतं, आणि नियमित ऑइल बदललेलं इंजिन लाखभर किलोमीटरवर सहसा दगा देत नाही. अशा गाडीत जे खर्च निघतात ते क्लच, सस्पेन्शन, बॅटरी, टायर यांचे, आणि ते तर वॉरंटीत नसतातच. इथे वॉरंटी घेऊ नका.

एएमटी, म्हणजे 2014 मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेला ऑटोमॅटिकचा प्रकार. आत मॅन्युअलच गिअरबॉक्स असतो, क्लच आणि गिअर हलवायला ॲक्च्युएटर बसवलेले असतात. यादीत ॲक्च्युएटर आणि त्याचा कंट्रोल युनिट नावानिशी असेल तरच त्या वॉरंटीला अर्थ. नुसतं "गिअरबॉक्स" लिहिलं असेल तर विचारून घ्या, कारण एएमटीत क्लच प्लेट झिजते आणि ॲक्च्युएटर बिघडतो. आतले गिअर क्वचितच जातात.

ड्युअल क्लच ऑटोमॅटिकचं वेगळं. फोक्सवॅगन-स्कोडाच्या जुन्या ड्राय क्लच डीएसजी गिअरबॉक्समधलं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे क्लच आणि गिअर हलवणारा कंट्रोल भाग, हे ओळखीचं दुखणं आहे आणि बदलायची वेळ आली तर खर्च लाखापुढे जाऊ शकतो. अशा गाडीवर मेकॅट्रॉनिक युनिट नाव घेऊन कव्हर करणारी, पुरेशा मर्यादेची वॉरंटी मिळत असेल तर मी घ्या म्हणेन. मर्यादा 40 हजार असेल तर मात्र तिचा उपयोग नाही.

टर्बो डिझेलमध्ये टर्बो, इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप ही तीन नावं यादीत शोधा. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेलमध्ये धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. रोज चार किलोमीटर ऑफिसला जाऊन परत येणाऱ्या गाडीत तो तुंबतो, कारण काजळी जळायला लागणारी उष्णता तयारच होत नाही. हा फिल्टर बहुतेक वॉरंट्यांमध्ये नसतो. तुमचं रोजचं चालवणं एवढंच असेल तर वॉरंटीचा प्रश्न नंतरचा, डिझेल गाडी घ्यायचीच का याचा आधी विचार करा.

6. तीन आकडे कागदावर मांडा

उदाहरण घेऊ. सहा वर्षांची एएमटी हॅचबॅक, 62 हजार किलोमीटर झालेली. समजा वॉरंटी 14,000 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 16,520. मुदत 12 महिने किंवा 15,000 किलोमीटर. एकूण मर्यादा 50,000. भागाच्या किमतीत तुमचा वाटा 30 टक्के.

पहिला आकडा खऱ्या मुदतीचा. महिन्याला 1,500 किलोमीटर चालवत असाल तर 15,000 किलोमीटर दहा महिन्यांतच संपतील. त्यातला पहिला महिना थांबण्यात गेला. उरले नऊ महिने. दिवसाचे पंचेचाळीस रुपये सांगितले होते, ते आता साठच्या पुढे गेले.

दुसरा आकडा बिघाडाच्या खर्चाचा. तुमच्या गॅरेजमधून यादीतल्या तीन महागड्या भागांचं भागासह आणि मजुरीसह एस्टिमेट लिहून आणा. समजा सर्वांत मोठं काम 35,000 चं निघालं, त्यात भाग 28,000 आणि मजुरी 7,000. तीस टक्के वाटा म्हणजे 8,400 तुमचे. कंपनीकडून मिळणार जास्तीत जास्त 26,600. म्हणजे 16,520 भरून, सर्वांत मोठा बिघाड या नऊ महिन्यांतच झाला आणि क्लेम विनाअडथळा मंजूर झाला, तर फायदा 10,080 रुपये. हा बिघाड झाला नाही तर 16,520 गेले. ही बाजी मी लावणार नाही.

तिसरा आकडा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. डीलर वॉरंटीची रक्कम गाडीच्या कर्जात मिळवून टाकतो, "ईएमआय फक्त तीनशे-चारशेने वाढेल" म्हणतो. 16,520 रुपये 14 टक्के व्याजाने पाच वर्षांत फेडले तर एकूण सुमारे 23,000 भरले जातात, तेही वर्षात संपणाऱ्या वॉरंटीसाठी. घ्यायचीच असेल तर वेगळे पैसे भरून घ्या, कर्जात घालू नका.

आता उलटं बघा. हीच रक्कम बँकेत वेगळी ठेवली तर त्यातून क्लच प्लेटही बदलता येते, बॅटरीही आणि टायरही. झीज की बिघाड हे ठरवायला कोणी बसत नाही, आणि वर्ष संपल्यावर उरलेले पैसे तुमचेच. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे विचारा: अचानक 80 हजारांचं काम निघालं तर घरातून ते देणं जमेल का? नसेल जमत, आणि गाडीवरच रोजगार किंवा घरच्या आजारी माणसाची ने-आण अवलंबून असेल, तर हिशोबात थोडा तोटा दिसला तरी मोठ्या मर्यादेची वॉरंटी घेणं शहाणपणाचं आहे.

आणि "वॉरंटी घेतली नाही तर या किमतीत गाडी देता येणार नाही" असं कोणी म्हणालं तर लक्षात ठेवा, एक वस्तू विकताना दुसरी घ्यायची सक्ती करणं ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये बसत नाही. शांतपणे म्हणा, "तसं लिहून द्या." सहसा तिथेच सक्ती संपते.

7. गॅरेजवाल्याला विचारा

वॉरंटी कंपनी कशी आहे हे विकणाऱ्यापेक्षा दुरुस्ती करणाऱ्याला जास्त कळतं. मान्यताप्राप्त यादीतल्या जवळच्या गॅरेजमध्ये जाऊन सर्व्हिस ॲडव्हायझरला विचारा: यांची मंजुरी यायला किती दिवस लागतात, पेमेंट वेळेवर येतं का, कशावरून क्लेम अडतात. त्याने तोंड वाकडं केलं तर समजून जा.

8. घेतलीच, तर ही फाईल पहिल्या दिवसापासून ठेवा

- पूर्ण करार, वॉरंटी प्रमाणपत्र आणि जीएसटी असलेलं बिल. प्रमाणपत्रावरचा चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा.
- गाडी ताब्यात घेतली त्या दिवशीचा मीटरचा फोटो.
- तपासणीचा लेखी अहवाल. "बिघाड आधीचाच होता" म्हणाले तर हाच कामाला येतो.
- मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 च्या प्रती, तुमच्या नावावर झालेली आरसी. गाडी कर्जावर होती तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवण्याचा फॉर्म 35.
- तुमच्या नावावर केलेली विमा पॉलिसी. गाडी हस्तांतरित झाल्यापासून 14 दिवसांत विमा कंपनीला कळवा.
- प्रत्येक सर्व्हिसचं पक्कं बिल, किलोमीटर आणि ऑइलचा ग्रेड लिहिलेलं. सर्व्हिस ठरलेल्या मुदतीतच करा. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे रोखीने ऑइल बदललं आणि बिल नाही, तर इंजिनचा क्लेम अडवायला ते पुरेसं कारण आहे.
- डीलरशी झालेले व्हॉट्सॲप संदेश. तोंडी मिळालेलं प्रत्येक आश्वासन "आज बोलल्याप्रमाणे..." अशी सुरुवात करून त्यालाच लिहून पाठवा.

बिघाड झाला की गाडी आहे तिथे थांबवा. बोरघाट चढताना तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि "लोणावळ्यापर्यंत तरी जाऊ" म्हणून गाडी तशीच ओढली, तर पुढे इंजिनचा क्लेम मिळणं जवळजवळ अशक्य. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करायच्या आधी डॅशबोर्डचा फोटो काढा, मग हेल्पलाइनला फोन करा आणि क्लेम नंबर घ्या. मंजुरी येण्याआधी एक बोल्टही खोलू देऊ नका. बदललेला जुना भाग गॅरेजमध्येच जपून ठेवायला सांगा. कंपनीचा माणूस बघायला आला आणि भाग भंगारात गेलेला असला, तर तुमची बाजू लंगडी पडते.

9. क्लेम नाकारला तर

फोनवरचं "सर, नाही बसत" हे उत्तर घेऊ नका. नकार ईमेलवर मागा, कलमाच्या क्रमांकासह. गॅरेजकडून बिघाडाचं कारण लेटरहेडवर लिहून घ्या. मेकॅनिकचं लेखी मत आणि नकाराचं कलम यांचा मेळ बसत नसेल तर तुमची बाजू भक्कम आहे. त्या दोन कागदांसह कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला आणि डीलरलाही ईमेल करा, पंधरा दिवसांची मुदत द्या.

त्यानंतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मराठीत बोलता येतं. एवढ्यानेही नाही झालं, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. 2019 च्या कायद्यामुळे तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असलं म्हणून तिकडे जावं लागत नाही. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल करता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तक्रारीत वॉरंटी कंपनीबरोबर डीलरलाही प्रतिवादी करा, कारण पैसे त्याने घेतले आणि "सगळं कव्हर" हे आश्वासनही त्यानेच दिलं. सोबत आठव्या मुद्द्यातली पूर्ण फाईल जोडा.